भाड्याचें घर आणि त्याचें नांव

जुन्या पुण्यांत वाडा ओळखला जाई तो मालकाच्या आडनांवानें. दारावर नगरपालिकेचा क्रमांक ठोकलेला असे. पण टांगेवाल्याला तो सांगून कांहीं उपयोग नसे. ‘अमक्यांचा वाडा’ म्हटलें कीं टांगा वळलाच. मुंबईच्या चाळींनाहि अशींच नांवें असत. मालक बदलले, भाडेकरू बदलले, तरी नांवें टिकून राहिलीं. ह्या नांवांत एक गोष्ट गृहीत धरलेली असे. ती ही कीं, घर देणारा आणि घर घेणारा यांची निदान तोंडओळख आहे. तोंडओळख नसली तर ओळखीचा कोणी मनुष्य मध्यें असे. ‘अमक्यांनीं पाठविलें आहे’ एवढ्या दोन शब्दांवर कितीएक बिऱ्हाडें ह्या शहरांत मांडलीं गेलीं आहेत.

आतां असा एक धंदा कल्पावा, ज्याच्या चालकाजवळ स्वतःचें एकहि घर नाहीं. घर देणारा त्याच्या पाहण्यांतला नाहीं. घरांत उतरणारा कदाचित् दुसऱ्या खंडांतून येणार. आणि त्या दोघांची पहिली गांठ पडते ती हातांतल्या फोनच्या काचेवर. अशा चालकाजवळ विकण्याजोगें काय असतें? भिंती नाहींत, खाटा नाहींत, स्वयंपाकघर नाहीं. एक नांव असतें आणि त्या नांवावर लोकांनीं टाकलेला विश्वास असतो. व्यापारांतील अशा नांवाला आपल्याकडे पूर्वीपासून ‘मार्का’ म्हणतात. साबणाला मार्का असतो, चहाला असतो, छत्रीलाहि असतो. परंतु साबण वाईट निघाला तर दुसऱ्या दुकानांतून दुसरी वडी आणतां येते. मुलांबाळांसह परक्या गांवीं रात्रीं अकरा वाजतां पोंचल्यावर दार उघडलेंच नाहीं, तर काय करावें? घरें भाड्यानें मिळवून देणाऱ्या संस्थेनें आपला मार्का कसा निवडावा आणि कसा सांभाळावा, हा प्रश्न साबणाच्या जाहिरातीहून बराच जड आहे, तो ह्यामुळें.

ही कल्पना सर्वस्वीं अमेरिकेंतून आली असें मात्र कोणीं समजूं नये. प्रयागास त्रिवेणीच्या वाळवंटांत पंड्यांचे झेंडे उंच बांबूंवर फडकतांना यात्रेकरूंनीं पाहिलेच असतील. कोणाच्या झेंड्यावर मासा, कोणाच्या झेंड्यावर हत्ती. निरक्षर यात्रेकरूला पंड्याचें नांव वाचतां येत नसे. पण ‘आमचा पंडा माशाचा’ एवढें त्याला वडिलांनीं सांगितलेलें असे, आणि लाखोंच्या गर्दींतून तो बरोबर त्या बांबूखालीं येऊन उभा राही. तेथें आल्यावर पंडा आपली वही उघडी. त्या वहींत यात्रेकरूच्या आजोबांची सही किंवा अंगठा निघाला कीं पुढची बोलणी सोपी होत. मार्क्याचीं दोन्ही अंगें ह्या व्यवस्थेंत आहेत. झेंडा लांबून दिसण्यासाठीं आहे, वही जवळ आल्यावर खात्री पटावी म्हणून आहे. आजच्या संस्था झेंड्यावर पाण्यासारखा पैसा खर्च करतात आणि वहीकडे पुष्कळ वेळां उशिरां वळतात. ज्या संस्थेची हकीकत येथें सांगावयाची आहे, तिचेंहि तसेंच झालें.

ती संस्था म्हणजे एअरबीएनबी. ऑक्टोबर २००७ मध्यें सॅन फ्रान्सिस्को शहरांत औद्योगिक रचनाकारांची एक मोठी परिषद भरली होती आणि शहरांतील हॉटेलें भरून गेलीं होतीं. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोघे तरुण त्या वेळीं एका बिऱ्हाडांत राहत होते. दोघेहि ऱ्होड आयलंडच्या कलाशाळेंत शिकलेले, आणि दोघांनाहि वाढलेलें घरभाडें भरण्याची विवंचना. त्यांनीं तीन हवेच्या गाद्या फुगवून बैठकीच्या खोलींत मांडल्या, सकाळच्या न्याहरीची तयारी केली, एक साधें संकेतस्थळ तयार केलें आणि माणशीं रात्रीचे ८० डॉलर ठेवून पाहुणे घेतले. तीन पाहुणे आले. त्यांतला एक अमेरिकेंत शिकणारा भारतीय तरुण होता. कोणाच्या तरी बैठकींत गादी टाकून निजणें आणि सकाळीं त्यांच्याच घरचा चहा घेणें, ह्यांत आपल्याकडच्या मनुष्याला विशेष असें कांहींच वाटणार नाहीं. लग्नकार्याला गेलेलें वऱ्हाड ह्याहून दाटीवाटीनें निजतें. पैसे देऊन परक्याकडे निजणें हा काय तो नवा भाग. पुढें नॅथन ब्लेचार्झिक हा संगणकाचा जाणकार त्यांना येऊन मिळाला आणि धंदा उभा राहूं लागला.

त्यांनीं घेतलेलें पहिलें नांव होतें ‘एअर बेड अँड ब्रेकफास्ट’, म्हणजे हवेची गादी आणि न्याहरी. नांव म्हणून तें वाईट नव्हतें. ऐकणाराला काय मिळणार हें पूर्णपणें कळत होतें, आणि त्यांत थोडी गंमतहि होती. पण जें नांव मालाचें वर्णन करतें, तें वाढत्या मुलाच्या सदऱ्यासारखें लवकरच आंखूड होतें. एका वादकाला आपल्या दौऱ्याच्या काळांत सबंध घर भाड्यानें द्यावयाचें होतें. तो स्वतः गांवांत नसणार, तेव्हां न्याहरी कोण करणार? आणि घरांत चांगले पलंग असतां हवेची गादी कशाला? चालकांचा आरंभीचा नियम मोडल्यावांचून त्याचें घर यादींत येईना. नियम मोडला, आणि त्याबरोबर नांवाचा अर्थहि सुटला. २००९ सालीं नांव आंखडून ‘एअरबीएनबी’ झालें. गादी विरघळली, न्याहरी एका अक्षरापुरती उरली, आणि नादापुरतें नांव राहिलें. जो तरुण आज पुण्यांत विद्यार्थ्यांसाठीं खोल्या मिळवून देण्याचा धंदा काढील आणि त्याला ‘विद्यार्थी खोली’ असें नांव देईल, त्यानें पांच वर्षांनीं नोकरदार कुटुंबें दाराशीं आल्यावर आपण काय करणार आहोंत, ह्याचा विचार पाटी रंगविण्यापूर्वींच केलेला बरा.

ह्याच्या उलट प्रकारचें एक उदाहरणहि अमेरिकेंतच आहे. १९९५ सालीं कोलोरॅडोच्या डोंगराळ भागांतील आपली सदनिका भाड्यानें देतां यावी म्हणून एका गृहस्थानें एक संकेतस्थळ काढलें. ‘मालकांकडून सुटीसाठीं भाड्याचीं घरें’ अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन त्यानें नांव केलें. नांव अगदींच रुक्ष, सरकारी खात्याला शोभेलसें. ‘होमअवे’ नांवाच्या मोठ्या कंपनीनें २००६ मध्यें तें विकत घेतलें. होमअवे हें नांव कानाला कितीतरी गोड. त्यावर जाहिरातींचा पैसाहि ओतला गेला. पण अखेरीस गोड नांव मागें पडलें आणि रुक्ष आद्याक्षरें पुढें आलीं. २०१९ मध्यें त्यांचा उच्चार ‘व्हर्बो’ असा एकाच शब्दासारखा करावा, असें ठरवून त्याच नांवाला नवें रूप देण्यांत आलें. ज्या नांवाखालीं लोकांनीं एकदां पैसे भरले आणि घर ठीक निघालें, तें नांव कुरूप असलें तरी लोक सोडीत नाहींत. नांव बदलण्याची हौस असणाऱ्या चालकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

नांव परभाषेंत नेतांना तर अधिकच जपावें लागतें. २०१७ सालीं एअरबीएनबीनें चीनसाठीं ‘आयबीयिंग’ असें नांव घेतलें. त्याचा अर्थ ‘प्रेमानें एकमेकांचें स्वागत करावें’ असा मोठा सुरेख आहे. पण तेथल्या पुष्कळ लोकांनीं तें उच्चारावयास अवघड म्हणून नाकें मुरडलीं. २०२२ मध्यें कंपनीनें चीनमधील घरें यादींतून काढून टाकलीं. ह्याचा दोष नांवावर टाकणें अन्यायाचें होईल. महामारीचे कडक निर्बंध आणि तेथल्याच प्रबळ प्रतिस्पर्धी संस्था हीं कारणें पुरेशीं होतीं. तथापि नांव कागदावर वाचून पसंत करूं नये, तें घरांतल्या वडीलधाऱ्या बाईला दोनदां मोठ्यानें म्हणावयास सांगावें. दुसऱ्या खेपेस जर तिनें दुसरेंच कांहीं म्हटलें, तर तें नांव टाकून द्यावें.

आरंभींच्या दिवसांतली आणखी एक गोष्ट गंमतीची म्हणून नेहमीं सांगितली जाते. २००८ च्या निवडणुकीच्या वेळीं हातांत पैसा नव्हता, तेव्हां ह्या मंडळींनीं बाजारांतल्या न्याहरीच्या धान्याला ओबामा आणि मॅकेन ह्यांच्या नांवांचीं खोकीं चढविलीं, आणि खोक्यास ४० डॉलर घेऊन सुमारें ३०,००० डॉलर मिळविले. वर्तमानपत्रांनीं मोठ्या कौतुकानें छापलें. पाहुणे मात्र त्यानें वाढले नाहींत. तमाशाला गर्दी जमते. पण तीच गर्दी तंबूवाल्याकडे बिऱ्हाडाला येत नाहीं.

पाहुणे वाढले ते दुसऱ्याच कारणानें, आणि ह्या ठिकाणीं थोडें थांबलें पाहिजे. २००९ च्या आरंभीं कंपनीची आठवड्याची मिळकत २०० डॉलरांच्या आसपास घोटाळत होती. न्यूयॉर्कमधील घरांचीं चित्रें पाहतां पाहतां चालकांच्या ध्यानांत आलें कीं, सर्वच चित्रें वाईट आहेत. कोणी रात्रीं दिव्याच्या पिवळ्या उजेडांत काढलेलीं, कोणी हलत्या हातानें काढलेलीं. खोली आहे कीं अडगळ, हें कळूं नये अशीं. परक्या मनुष्याचें बिछान्यावर पैसे टाकण्याचें धैर्य व्हावें कसें? तेव्हां ते स्वतः न्यूयॉर्कला गेले, एक चांगला कॅमेरा भाड्यानें घेतला आणि दारोदार हिंडून घरांचीं नवीं चित्रें काढलीं. आठवड्याभरांत मिळकत दुप्पट झाली. २०१० पासून यजमानांकडे विनामूल्य छायाचित्रकार पाठविण्याची रीतच त्यांनीं पाडली.

वरवर पाहतां ही चित्रांची करामत वाटते. तिच्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चित्रें काढण्याच्या निमित्तानें चालक यजमानांच्या घरांत गेले, त्यांच्या हातचा चहा प्याले, त्यांच्या तक्रारी ऐकल्या. कोणाला पैसे वेळेवर मिळत नव्हते, कोणाला दर कसा ठरवावा तें समजत नव्हतें. कार्यालयांत बसून जें कधींहि कळलें नसतें, तें उंबऱ्याच्या आंत गेल्यावर कळलें. घरांच्या धंद्यांत पडणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना सल्ला द्यावयाचाच झाला, तर बोधचिन्ह काढणाऱ्या कलावंताला पहिला हप्ता देण्यापूर्वीं यादींतलीं पहिलीं पन्नास घरें स्वतः पायांनीं चढून पाहावीं, हा आहे. नळाला पाणी किती वाजतां येतें, जिन्यांत दिवा आहे कीं नाहीं, खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी तर नाहीं ना. हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें आपल्या नांवाची ग्वाही दुसऱ्याच्या घराला देऊं नये.

चित्रांविषयीं मात्र एक सावधगिरी हवी. रुंद भिंगानें दहा फुटांची खोली पंधरा फुटांची दिसते, आणि खिडकीच्या एका कोपऱ्यांत दिसणारा समुद्राचा तुकडा सबंध समुद्र असल्याचा भास करून देतां येतो. पाहुणा आल्यावर तीच खोली पावलांनीं मोजतो. चित्र जितकें लबाड, तितका त्याचा पुढचा अभिप्राय कडू.

आतां वहीची गोष्ट. २०११ च्या उन्हाळ्यांत सॅन फ्रान्सिस्कोंतील एका स्त्रीनें आपलें घर ह्या संस्थेमार्फत कांहीं दिवसांसाठीं दिलें. परत येऊन पाहते तों घर उद्ध्वस्त. कपाट फोडलेलें, आजीचे दागिने नाहींसे झालेले. तिनें ती हकीकत जाहीरपणें लिहिली. कंपनीनें आरंभीं चांचपडत, तोलूनमापून उत्तरें दिलीं, आणि लोकांचा संताप वाढतच गेला. ऑगस्टमध्यें चेस्की यांनीं जाहीर माफी मागितली आणि यजमानांच्या मालमत्तेला ५०,००० डॉलरांपर्यंत भरपाईची हमी दिली. २०१२ मध्यें ती हमी दहा लाख डॉलरांपर्यंत वाढविण्यांत आली. तोंवर संस्थेनें जें कांहीं सांगितलें होतें तें पाहुण्याला सांगितलें होतें. ज्यांच्या घरांवर सगळा डोलारा उभा आहे, त्यांना ‘तुमचें कांहीं बिघडलें तर आम्ही आहोंत’ हें सांगावयास चोरी व्हावी लागली. माफी मागण्यास जे दिवस लागले, ते त्या कंपनीला पुढें पुष्कळ दिवस भोंवले.

तीन वर्षांनीं, जुलै २०१४ मध्यें, कंपनीनें नवें बोधचिन्ह धारण केलें. लंडनच्या डिझाइनस्टुडिओ ह्या मंडळीनें तें काढलें होतें. माणूस, स्थळ, प्रेम आणि इंग्रजी ‘ए’ हें अक्षर अशा चार गोष्टी एकाच रेषेंत गुंफल्याचा त्यांचा दावा होता. त्याच्या तांबूस रंगाला ‘राउश’ असें नांव दिलें. ज्या गल्लींत त्या पहिल्या तीन गाद्या फुगविल्या होत्या, त्या गल्लीचें तें नांव. ही एक गोष्ट मात्र मनाला भावते. चिन्ह प्रसिद्ध होतांच जगभर त्याची यथेच्छ टवाळी झाली. कोणी त्यांत नाक पाहिलें, कोणी त्याहून न सांगण्याजोगे अवयव पाहिले. कांहीं महिन्यांत लोक हसावयाचे थांबले. चिन्हाचें नेहमीं असेंच होतें. त्यावर महिनोन् महिने खल करणारे चालक उगाच झोंप घालवितात.

पण चिन्हाबरोबर जें ब्रीद घेतलें, तें हसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. ‘कोठेंहि जा, तेथें तुम्ही आपलेच’ अशा अर्थाचे ते शब्द होते. ब्रीद घेणाऱ्याला तें कोणी ना कोणी मोजून दाखवितो. हार्वर्डमधील तीन संशोधकांनीं तें मोजलें, आणि २०१६ च्या आरंभीं तें मोजमाप लोकांपुढें ठेविलें. अमेरिकेंतील पांच शहरांतल्या सुमारें ६,४०० यजमानांकडे त्यांनीं खोलीसाठीं विचारणा पाठविली. मजकूर एकच, पाहुण्याचें नांव तेवढें वेगळें. गोऱ्या माणसाचें वाटेल असें नांव असलें तर शेंकडा सुमारें ५० ठिकाणीं होकार आला. कृष्णवर्णीयाचें वाटेल असें नांव असलें तर सुमारें ४२ ठिकाणीं. घर तेंच, पैसे तेच, तारीख तीच. दारें बंद झालीं तीं केवळ नांव वाचून.

भाड्याच्या खोलीचें आणि नांवाचें हें नातें ह्या देशाला नवें नाहीं. १९१७ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हां त्या शहरांत त्यांना उतरावयास जागा मिळेना. अखेरीस एका पारशी पथिकाश्रमांत पारशी नांव धारण करून त्यांनीं मुक्काम केला. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेले लोक जिना चढून वर आले आणि संध्याकाळच्या आंत जागा सोडावयास त्यांना फर्मावलें. दुसरीकडे आसरा मिळाला नाहीं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठीबागेंत बसून राहिले आणि मग मुंबईस परतले. हा प्रसंग त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला आहे. त्याला शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. आज मुंबईंत किंवा पुण्यांत खोली पाहावयास गेलेल्या तरुणाला दलाल पहिला प्रश्न विचारतो तो पगाराचा नव्हे, ‘आडनांव काय?’ हा. दुसरा प्रश्न ताटांत काय वाढतात ह्याचा. एकट्या मुलीला तिसरा प्रश्न असतो, आणि तो तर ह्या व्यासपीठावर उच्चारण्याजोगाहि नसतो.

घर माझें, तेव्हां कोणाला द्यावें हेंहि माझेंच, असें घरमालक म्हणतो. ज्या खोलीच्या शेजारीं आपण स्वतः निजतों, तिच्यापुरतें त्याचें म्हणणें कोणी ऐकूनहि घेईल. पण जी संस्था सर्वांना उद्देशून जाहिरात करते, सर्वांकडून दलाली घेते आणि सर्वांना ‘आपलें’ म्हणते, तिला ही सबब चालत नाहीं. एअरबीएनबीनें नोव्हेंबर २०१६ पासून प्रत्येक यजमानाकडून व पाहुण्याकडून वंश, धर्म इत्यादि कारणांनीं भेद न करण्याचें वचन घेण्यास आरंभ केला. २०१८ मध्यें असें ठरलें कीं, पाहुण्याचें छायाचित्र यजमानाला सौदा पक्का झाल्यावरच दिसावें. ऑरेगॉन राज्यांत २०२२ मध्यें त्याहिपुढें जाऊन, सौदा पक्का होईपर्यंत पाहुण्याच्या नांवाचीं केवळ आद्याक्षरें दाखविण्याचें ठरलें. चिन्हावर झालेल्या चर्चेच्या शतांशहि चर्चा ह्या आद्याक्षरांची झाली नसेल. परंतु मार्का म्हणून ज्याला मोल आहे तें ह्याच गोष्टींत आहे. आपल्याकडे घरें देणाऱ्या ज्या नव्या संस्था निघत आहेत, त्यांपैकीं एखादीनें ‘आमच्या यादींतल्या घरांत आडनांव विचारलें जात नाहीं’ एवढेंच एक ब्रीद घ्यावें आणि तें पाळून दाखवावें. तिला आरंभीं कांहीं घरमालक गमवावे लागतील. पण ज्यांना आज दहा दारांवरून परत यावें लागतें, ते तिचें नांव कधींहि विसरणार नाहींत.

घर देणारा आणि घेणारा ह्यांच्याशिवाय आणखी एक पक्ष असतो, तो शेजाऱ्यांचा. त्याला सौद्यांत कोणी विचारीत नाहीं आणि जिन्यांतल्या चाकांच्या पेट्यांचा खडखडाट मात्र त्याला ऐकावा लागतो. सबंध इमारती पाहुण्यांसाठीं राखल्या जाऊं लागल्या म्हणजे गांवच्या माणसाला घर मिळेनासें होतें. बार्सेलोनाच्या महापौरांनीं जून २०२४ मध्यें जाहीर केलें कीं, पर्यटकांना देण्यांत येणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपतील आणि पुन्हां दिले जाणार नाहींत. न्यूयॉर्कनें सप्टेंबर २०२३ पासून अमलांत आणलेल्या नियमांप्रमाणें तीस दिवसांहून कमी मुदतीसाठीं जागा देणाऱ्या यजमानानें नांव नोंदवावें, स्वतः त्या घरांत हजर असावें आणि दोहोंहून अधिक पाहुणे ठेवूं नयेत. गंमत अशी कीं, हा कायदा त्या धंद्याला पुन्हां बैठकींतल्या गादीपाशीं आणून सोडतो.

इतकें सारें होऊनहि नांवाचें बळ केवढें असतें, हें २०२० सालीं दिसून आलें. महामारीनें प्रवास थांबला, कंपनीनें आपल्या नोकरांपैकीं सुमारें चतुर्थांश कमी केले आणि जाहिरातीचा खर्चहि छाटला. तरी त्याच वर्षीं भाग विक्रीस काढतांना प्रसिद्ध केलेल्या निवेदनांत असें नमूद आहे कीं, पहिल्या नऊ महिन्यांत संकेतस्थळावर जी येजा झाली, तिच्यांतील शेंकडा सुमारें ९१ जाहिरातीला पैसे न मोजतां झाली. लोकांना वाट ठाऊक होती.

कोंकणच्या किनाऱ्यावर हिंडणाऱ्याला दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर, गणपतिपुळें अशा गांवांतून घरोघर एक पाटी दिसते: ‘घरगुती जेवणाची व राहण्याची उत्तम सोय’. पाटी खरी असते, सोयहि बहुधा उत्तम असते. पण एकाच आळींत ती पंधरा दारांवर असली म्हणजे तिचें नांव म्हणून कांहीं काम उरत नाहीं. ‘घरगुती’ हा शब्द पुणें-मुंबईच्या माणसाला ओढून आणतो खरा. कोणत्या घरगुतीकडे जावें, हें तो सांगत नाहीं. अशा घरानें आपलें नांव लांबून आणूं नये. अंगणांतला फणस, मागची विहीर, आळीचें जुनें नांव, ह्यांतलेंच एखादें पाटीवर यावें; पाहुणा गांवांत शिरल्यावर कोणालाहि विचारील तर तें ठिकाण दाखवितां आलें पाहिजे. फोनवर किंवा यादींत माहिती देतांना उणेपणा आधीं सांगावा. पावसाळ्यांत वीज जाते, आंघोळीचें पाणी बंबांत तापतें, समुद्र घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे, मासळी त्या दिवशीं जी मिळेल ती मिळेल. उणें आधीं कळलेला पाहुणा तक्रार करीत नाहीं. उलट बंबाच्या धुराचें तो शहरांत जाऊन वर्णन करतो. दर पाटीवर लिहिलेले असावे आणि गणपतींत, मेच्या सुटींत ते किती वाढतात, तेंहि लिहिलेलें असावें.

वर्षावर्षाच्या कराराचीं घरें देणाऱ्या शहरी संस्थांची परीक्षा ह्याहून निराळी असते. महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें करार लेखी आणि नोंदविलेला असावा लागतो. तें काम हल्लीं बरेंच सुलभ झालें आहे आणि पुष्कळ संस्था तेवढ्याचीच जाहिरात करतात. भाडेकरूच्या मनांतली भीति मात्र दुसऱ्याच कागदाशीं जडलेली असते. ती अनामत रकमेची, ज्याला सर्व लोक डिपॉझिट म्हणतात. घर सोडण्याच्या दिवशीं भिंतीला खिळ्याचीं भोंकें किती, नळाची तोटी पहिल्यापासूनच गळत होती कीं नाहीं, रंगाचे पैसे कोणाचे, ह्यावर जी हुज्जत पडते, तिच्यांत वर्षभराचा स्नेह बुडून जातो. घरांत शिरतांना प्रत्येक खोलीचीं तारीखवार चित्रें काढून दोन्ही पक्षांना द्यावीं, आणि घर सोडल्यापासून ठरल्या दिवसांत अनामत परत करण्याचा भार संस्थेनें आपल्या अंगावर घ्यावा. मालकानें पैसे अडविले तरी भाडेकरूला ते संस्थेनें द्यावे आणि मालकाशीं मागाहून भांडावें. खर्चाची बाब आहे हें खरें. रस्त्यावरच्या मोठ्या फलकाचें भाडें किती पडतें, हें एकदां विचारून मग तो खर्च मोजावा.

दलालीच्या धंद्याला एक जुनें दुखणें आहे. पाहुणा एकदां येऊन गेला कीं पुढल्या वर्षीं तो मध्यस्थाला वगळून थेट घरींच फोन करतो. कोंकणांतल्या काकूहि त्याला नाहीं म्हणत नाहींत. गेल्या वेळीं त्याच्या धाकट्या मुलीला आंबोळी आवडली होती, हें त्यांना आठवत असतें. मोठ्या संस्था ह्यावर उपाय म्हणून सौदा ठरेपर्यंत फोनचे क्रमांक झांकून ठेवितात. त्यानें पहिली भेट राखली जाते, दुसरी नाहीं. तरीहि काकू आपल्या दोन खोल्या त्या यादींत ठेवितात, आणि दर वर्षीं पावसाळा सरून घराला नवा चुना लागला कीं मुलाकडून नवीं चित्रें काढवून पाठवितात. दिवाळीच्या सुटींत ओळखीचे पाहुणे कमी पडले, तर उरलेली खोली कोणा अनोळख्यानें विचारावी, एवढ्यासाठीं.